दादरच्या अंधाऱ्या खोलीतील चमत्कार

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर दोन पहारेकरी उभे राहिले आणि ते दोघेही माझा नातूच होता. एक बुरुजाच्या डाव्या अंगाला भाला रोवून उभा. दुसरा उजव्या अंगाला कमरेवर हात ठेवून पहिल्याकडे बघत हसतो आहे. ही चित्रफीत त्याने घरच्या संगणकावर जोडली होती. मी चौकशी केली, तेव्हा बारा वर्षांच्या त्या गृहस्थाने मोठ्या उदारपणे मला सारी कृती सांगितली. कॅमेरा एका जागी ठेवायचा. एकदा डावीकडे उभे राहून चित्रण करायचे, एकदा उजवीकडे. मग संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही दोन्ही चित्रणे एकावर एक थर म्हणून रचायची आणि वरच्या थराचा अर्धा भाग ‘मास्क’ लावून लपवायचा. लपवला की तेवढ्या जागेतून खालचा थर दिसू लागतो. झाले दोन पहारेकरी!

झाले खरे, पण चित्राच्या बरोबर मधोमध एक उभी रेघ उठली होती. डावीकडचा किल्ला लख्ख उन्हात, उजवीकडचा किंचित काळवंडलेला, आणि मधला बुरुज केसभर तुटलेला. “आजोबा, हे असं का झालं?” याचे उत्तर त्याच्या आजीने दिले. दोन चित्रणांच्या मध्ये चिरंजीव फराळाला गेले होते. तेवढ्या वेळात ऊन नारळाच्या झाडाआड गेले आणि कॅमेऱ्याच्या तिपाईला कुणाचा तरी पाय लागला.

त्या तुटलेल्या बुरुजाने मला एकदम शंभर वर्षे मागे नेले. हीच रेघ, हाच धक्का आणि हीच उन्हाची दगाबाजी यांच्याशी आपल्याकडे पहिल्याने झुंजले ते धुंडिराज गोविंद फाळके. आणि त्यांच्याबरोबर, अंधाऱ्या खोलीत बसून, आणखी एक व्यक्ती झुंजली. तिचे नाव मात्र चमत्काराची गोष्ट सांगताना बहुधा शेवटी घेतात, किंवा घ्यायचे विसरतात.

फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. मुंबईस जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले, बडोद्यास कलाभवनात छायाचित्रण शिकले, पुढे पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, लोणावळ्यास छापखाना चालवला, रंगीत छपाईची यंत्रे आणावयास १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करीत. आपल्या आडनावातली अक्षरे उलटसुलट करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ असे भारदस्त नाव घेतले होते. चित्रकार, छायाचित्रकार, मुद्रक आणि जादूगार ही चारही माणसे एकाच अंगरख्यात असल्याशिवाय पुढची गोष्ट घडली नसती, असे माझे मत आहे. चित्रकाराला चौकट कळते, छायाचित्रकाराला उजेड आणि रसायन कळते, मुद्रकाला एका रंगावर दुसरा रंग अचूक बसवणे कळते, आणि प्रेक्षकाची नजर नेमकी केव्हा दुसरीकडे असते हे जादूगाराला कळते.

१९११ साली गिरगावात एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण दिसावेत या ध्यासाने त्यांना घेरले, ही हकिकत आपल्याला पाठ आहे. रोज चित्रपट पाहून पाहून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती, हेही आपण ऐकले आहे. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत चित्रीकरण कसे होते ते पाहिले, विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा विकत घेतला, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेतले, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली आणि एप्रिलच्या आरंभी घरी परत आले. या खरेदीतले कॅमेऱ्याचे नाव सगळ्यांना माहीत असते. छिद्रांचे यंत्र कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि मला सांगावयाचे आहे ते मुख्यतः त्याच यंत्राविषयी.

त्या काळी कच्ची फिल्म कोरी येत असे, म्हणजे तिच्या कडांना भोके नसत. कॅमेऱ्यातील दाते या भोकांत अडकून फिल्म एकेक चित्र पुढे ओढतात, म्हणून भोके आपण पाडून घ्यावयाची. आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. दादरच्या घरात हे काम सरस्वतीबाई फाळके करीत. दिवसा साठ-सत्तर माणसांच्या गोतावळ्याचा स्वयंपाक, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे, रसायने कालवणे, आणि रात्री छिद्रे. भांडवलासाठी त्यांनी आपले दागिने दिले, ही गोष्ट चरित्रकार अगत्याने सांगतात. आपल्या पुराणकथांत ते शोभते. छिद्रांची गोष्ट तितकी शोभिवंत नाही. परंतु कामाची अधिक आहे.

थोडा हिशेब करू. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार चार छिद्रे. म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट सुमारे ३७०० फुटांचा होता. एवढ्या लांबीच्या एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे होतात. मूळ निगेटिव्ह वेगळी, पडद्यावर दाखवायची प्रत वेगळी, वाया गेलेली फिल्म आणखी वेगळी. यंत्र एका दाबात काही छिद्रे पाडीत असेल. तरी हे आकडे दिवाळीच्या चकल्यांसारखे सोऱ्यातून आपोआप पडत नाहीत. आणि प्रत्येक छिद्र मागच्याच अंतरावर पडले पाहिजे. एक जरी इकडे तिकडे झाले, तरी पडद्यावर ते चित्र दचकते.

आता कुणी म्हणेल की साध्या चित्रात थोडेसे दचकणे चालून जाते. खरे आहे, डोळा ते माफ करतो. पण चमत्कारात ते चालत नाही. ते का, हे समजण्यासाठी त्या वेळचा चमत्कार कसा होत असे ते पाहू.

सर्वांत सोपी युक्ती म्हणजे थांबवण्याची. तिची जन्मकथा पॅरिसमधली आहे. जॉर्ज मेलिएस हा तिथला एक जादूगार. स्वतःचे नाट्यगृह असलेला. १८९६ साली तो ऑपेरा चौकात रहदारीचे चित्रण करीत असता कॅमेरा अडकला. तो सुटेपर्यंत मिनिटभर गेले. चित्र पडद्यावर पाहतो, तो घोड्यांची बस धावता धावता एकाएकी प्रेतवाहक गाडी झालेली! ही हकिकत त्याने स्वतःच पुढे सांगितली आहे. जादूगाराच्या हाती रत्नच पडले म्हणायचे. कॅमेरा थांबवा, माणसाला बाजूला करा, कॅमेरा चालू करा. पडद्यावर माणूस अंतर्धान पावला.

दुसरी युक्ती दुहेरी चित्रणाची. कॅमेरा हाताने फिरवायचा असे. सर्वसाधारणपणे दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे, म्हणजे बरोबर अर्धा फूट फिल्म पुढे सरके. आधी राजा, राणी आणि ऋषी यांचा प्रवेश घ्यायचा आणि देव प्रकटणार ती जागा काळोखी राखायची. फेरे मोजायचे. मग भिंगावर झाकण लावून तितकेच फेरे उलटे फिरवायचे. आता काळ्या कापडापुढे शंकराला उभे करून त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचे. काळ्याचा ठसा फिल्मवर उमटत नाही. फक्त शंकर उमटतो. तिसरी युक्ती माझ्या नातवाची: भिंगापुढे अर्धा पडदा धरायचा, मग फिल्म उलटी फिरवून उरलेला अर्धा.

या दुसऱ्या आणि तिसऱ्या युक्तीत एकच फिल्म कॅमेऱ्यातून दोनदा जाते. छिद्रे सारखी नसतील, तर पहिल्या खेपेस चित्र जिथे बसले तिथे ते दुसऱ्या खेपेस बसणार नाही. मग राजवाडा स्थिर आणि देव थरथरणारा, किंवा देव स्थिर आणि राजवाडा थरथरणारा असे दृश्य दिसेल. भक्ताने हात जोडण्याऐवजी पोट धरून हसावे असा तो प्रकार. पडद्यावर शंकर निश्चल उभा राहिला, तर त्याच्या पायाखाली सरस्वतीबाईंच्या त्या लाखो छिद्रांची ओळ होती, असे मी म्हणतो ते अलंकारासाठी नव्हे.

आणि हे सारे आंधळेपणाने करावयाचे. चुकले की काय, हे रात्री फिल्म धुऊन पाहीपर्यंत कळत नसे. चुकले असेल, तर दुसऱ्या खेपेची चूक पहिल्या खेपेचा उत्तम अभिनयही घेऊन जाई, कारण दोन्ही एकाच पट्टीवर. माझा नातू एक कळ दाबून मागच्या पायरीवर येतो. फाळक्यांना मागे यायचे तर सगळ्यांना पुन्हा रंग लावून, पुन्हा वेष चढवून, उद्याच्या उन्हाची वाट पाहावी लागे.

फाळक्यांनी पहिला चमत्कार देवाचा केला नाही, वाटाण्याचा केला, हे मला फार आवडते. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, पुढे कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोडी थोडी चित्रे घेत राहिले. पडद्यावर मिनिटभरात बी रुजले, कोंब वर आला, वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ ही ती चित्रफीत. भांडवल देणाऱ्यांना दाखवण्यासाठी ती केली होती आणि तिने ते काम बजावले. आज कुणीही फोनवर ‘टाइमलॅप्स’ असे लिहिलेल्या खुणेवर बोट ठेवून हेच करतो. फक्त महिनाभर कुंडी न हलवण्याचे काम मात्र अजून कुणा यंत्राने अंगावर घेतलेले नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. त्यात तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले, कारण स्त्रिया मिळेनात. १९१७ च्या ‘लंकादहना’त तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली. त्यातला मारुती आकाशातून उडाला, शेपटीने लंका पेटली, आणि लोक पहाटेपासून रांगा लावू लागले. १९१८ च्या ‘श्रीकृष्ण जन्मा’त भेदरलेल्या कंसाचे डोके धडापासून सुटून वर उडताना दिसते, हा तुकडा आजही पाहावयास मिळतो आणि आजही अंगावर काटा येतो. परंतु मला विचाराल, तर फाळक्यांची सर्वांत सुंदर करामत १९१९ च्या ‘कालियामर्दना’च्या आरंभी आहे. त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर बसून हसते, रुसते, रागावते. घरातली पोर घरात खेळते तशी. मग तोच चेहरा पाहता पाहता मुकुट ल्यालेला कृष्ण होतो. एक चित्र मावळत जाते आणि त्याच जागी दुसरे उगवत येते, एवढेच. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये याला ‘डिझॉल्व्ह’ म्हणतात आणि नवशिका ते पहिल्याच दिवशी, बहुधा जरुरीपेक्षा दहापट वापरतो. फाळक्यांनी ते जिथे वापरले तिथे त्याला अर्थ होता. ‘ही माझी पोर आहे, आणि आता हा तुमचा देव आहे,’ असे त्यांनी उघड सांगितले. जादूगाराने आधी आपल्या बाह्या वर करून रिकामे हात दाखवावेत, तसे. आणि तरीही लोकांनी हात जोडले. फसवणूक म्हणावी तर फसवणाऱ्याने आधीच सारे सांगून टाकलेले! प्रोफेसर केळफाच्या प्रयोगात लोक टाळ्या वाजवीत असतील. इथे ते नमस्कार करीत होते, आणि हाताची करामत तीच होती.

फाळक्यांनंतरची गोष्ट कोल्हापुराकडे जाते. बाबुराव पेंटर यांनी कॅमेरा विकत न घेता घरीच बनवला, आणि १९२० च्या ‘सैरंध्री’त कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वठवला की सरकारी अभ्यवेक्षकांनी त्यावर कात्री चालवली. त्यांच्या हाताखाली शिकलेले दामले आणि फत्तेलाल पुढे ‘प्रभात’मध्ये आले. १९३६ च्या त्यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबा गरुडाच्या विमानातून वैकुंठास जातात. आजच्या मुलांना ते विमान पाहून हसू येते. मी त्यांना दोष देत नाही. पण जमिनीवर उरलेल्या आवलीकडे, गौरीबाईंच्या त्या चेहऱ्याकडे, पाहिले की हसू आपोआप मावळते. तो चेहरा कोणत्याही करामतीने केलेला नाही. १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालली, ती मात्र खरोखर झोकात चालली.

मुंबईत याच सुमारास बाबुभाई मिस्त्री नावाचा सुरतेकडचा एक तरुण हाताला लागेल त्यातून करामती करीत होता. अदृश्य माणसाची एक इंग्रजी गोष्ट पडद्यावर गाजली होती. विजय भट्ट यांना १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त तसेच काही हवे होते. बाबुभाईंनी काळ्या पडद्यासमोर वस्तू काळ्या धाग्यांनी टांगून नाचवल्या. धागा दिसेना, वस्तू हवेत फिरताना दिसली, आणि बाबुभाईंचे नावच ‘काला धागा’ पडले. पुढची कित्येक वर्षे आपल्याकडचे उडते गालिचे आणि पौराणिक अस्त्रे या माणसाच्या हातून सुटली.

काळ्याची जागा पुढे निळ्याने घेतली. १९४० च्या ‘थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटात लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याची पद्धत वापरली. त्यात राक्षसाच्या मानेवर बसून उडणारा मुलगा म्हणजे आपला म्हैसूरकडचा माहुताचा पोर साबू. माणसाच्या कातडीत निळा रंग कमी, म्हणून निळा तेवढा वगळला की माणूस अलग निघतो आणि मागे हवे ते दृश्य लावता येते. हल्ली निळ्याऐवजी हिरवा वापरतात, कारण संगणकी कॅमेऱ्याच्या काचेत हिरवा टिपणारे बिंदू इतर दोन्ही रंगांच्या दुप्पट असतात. सॉफ्टवेअरमध्ये याला ‘क्रोमा-की’ म्हणतात. गृहिणींसाठी सूचना: हिरवी पैठणी नेसून हिरव्या पडद्यासमोर उभे राहू नये. फक्त मुखकमल आणि हात हवेत तरंगतात. आमच्या घरी हे प्रत्यक्ष झाले आहे आणि त्यावरून झालेला संवाद येथे देत नाही.

१९९३ च्या जानेवारीत अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स या गावच्या एका लहानशा कंपनीने ‘आफ्टर इफेक्ट्स’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. पुढे ते अॅडोबी कंपनीकडे गेले. आज अशी डझनावारी साधने आहेत, काही तर फुकट. नातवाने मला त्याच्या साधनातली यादी वाचून दाखवली: थर, मास्क, की, पारदर्शकता, स्थिरीकरण. मी त्याला प्रत्येकापुढे जुने नाव सांगत गेलो. थर म्हणजे उलटी फिरवलेली फिल्म. मास्क म्हणजे भिंगापुढचा अर्धा पडदा. की म्हणजे काळे कापड. पारदर्शकता म्हणजे हळूहळू मिटत आणलेले भिंगाचे छिद्र. ‘आणि स्थिरीकरण?’ हे साधन चित्रातले काही ठळक बिंदू धरते, ते एका चित्रातून दुसऱ्यात किती हलले ते मोजते आणि तेवढेच उलट सरकवून चित्र निश्चल करते. त्याचे जुने नाव मी सांगितले, तेव्हा तो जरा गोंधळला. म्हणाला, “हे तर कुणा बाईंचं नाव आहे!”

या साऱ्या मेहनतीतले उरले किती, हे सांगताना हात आखडतो. मेलिएसच्या फिल्मा पहिल्या महायुद्धात फ्रेंच लष्कराने वितळवून त्यांतून बुटांच्या टाचा केल्या. उरलेल्या निगेटिव्ह त्याने स्वतः १९२३ साली उद्वेगाने जाळल्या, आणि पुढे तो पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकात खेळणी विकत बसला. फाळक्यांनी नव्वदांहून अधिक चित्रपट केले. त्यांपैकी ‘हरिश्चंद्रा’ची दोन रिळे, ‘लंकादहन’ आणि ‘श्रीकृष्ण जन्म’ यांचे तुकडे, ‘कालियामर्दन’ बऱ्यापैकी, आणि ‘चित्रपट कसे तयार करतात’ याचा थोडा भाग असे मोजके काही राहिले. तेही पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारखा माणूस दारोदार हिंडून तुकडे गोळा करीत राहिला म्हणून. जुनी फिल्म नायट्रेटची. ती पेटते, न पेटली तर चिकट होऊन भुकटी होते. फाळके १९४४ च्या फेब्रुवारीत नाशकास वारले, तेव्हा त्यांची बहुतेक दुनिया त्यांच्या आधीच गेली होती.

असो. नातवाने किल्ल्याचे चित्रण दुसऱ्या दिवशी पुन्हा केले. या खेपेस तिपाईच्या पायांभोवती विटा लावल्या, भर दुपारी ऊन डोक्यावर असताना दोन्ही चित्रणे लागोपाठ उरकली आणि फराळ मागाहून केला. रेघ गेली, बुरुज सांधला. दोन्ही पहारेकरी एकमेकांकडे बघून हसतात, सारे यथास्थित आहे. फक्त पहिल्या चित्रणात शेजारचे मांजर डावीकडून उजवीकडे चालत आले आणि मास्कच्या कडेवर पोचताच नाकापासून शेपटीपर्यंत हवेत विरून गेले. नातू ते पुसून टाकणार होता. आजीने पुसू दिले नाही.